बाप बोलते

रामरावांना लकवा मारला तेव्हा अर्ध्या जानेफळाला वाईट वाटलं आणि अर्ध्याला बरं वाटलं. खरं सांगायचं तर दोन्ही अर्ध्यांत माणसं तीच होती. सकाळी दवाखान्यात जाऊन डोळे पुसायची आणि संध्याकाळी पारावर बसून म्हणायची, "चला, बंद पडली एकदाची ती मशीन."

मशीन म्हणजे रामरावांची जीभ. एरवी माणूस साधा, गावालगत मळा, त्यात वांगी, मिरच्या आणि सांबार. सांबार म्हणजे पुण्याची कोथिंबीर. पण पुण्याचं पुढे येणारच आहे, आत्ता घाई नको. रामरावांचं नाव भाजीमुळे नव्हतं. ते होतं पोळ्यामुळे.

पोळ्याला वेशीजवळच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल उभे करतात, आणि तोरण तुटेपर्यंत एकेक गडी पुढे येऊन झडती म्हणतो. झडतीच्या ओळी दोन. पहिली शेतातली, दुसरी कुणाच्या तरी वर्मावर. म्हणणारा शेवटी "हर बोला" अशी आरोळी ठोकतो आणि सगळं गाव "हर हर महादेव" म्हणून उत्तर देतं. नियम एकच. तोरणाखाली बोललं ते तोरण तुटलं की संपलं. ते घरी न्यायचं नाही, त्यावरून भांडायचं नाही, आणि ज्याच्यावर झडती पडली त्याने सगळ्यांत मोठ्याने हसायचं. नियम चांगलाच आहे. बोलणाऱ्यासाठी तर फारच चांगला.

शेजारच्या मळ्यातले पंजाबराव लहानपणापासून लंगडे. त्यांच्या पायावर रामराव दर पोळ्याला नवी झडती बांधायचे. "सांबाराची बांधली जुडी, मिरच्याची केली पुडी, एका चाकावर चालते कशी पंजाबरावची छकडी." गाव हसून लोळायचं. पंजाबरावही हसायचे, नियमाप्रमाणे सगळ्यांत मोठ्याने. मग लंगडत घरी जायचे.

ऋत्विक हा रामरावांचा एकुलता एक मुलगा. बापाच्या खांद्यावर बसून त्याने या झडत्या ऐकल्या. चिखलीला कॉलेजात गेल्यावर मोबाइलवर पहिल्यांदा रॅप ऐकलं आणि तो स्वतःशीच हसला. समोरच्याला यमकात घोळून घोळून मारायचं, आणि तो चिडला तर तो हरला. हे तर आपलंच, फक्त बैलाच्या जागी गाडी उभी केली आहे. त्याने 'झडतीवाला' असं नाव घेतलं. चिखलीत गोकुळचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून दोघं गाणी करू लागले. ठेका गोकुळचा, शब्द ऋत्विकचे. बसस्टँडवर एक, परीक्षेवर एक, मंडीतल्या दलालांवर एक. गाणी वाईट नव्हती. पण पिकतं तिथं विकत नाही. मित्रांनी ऐकली, मित्रांच्या मित्रांनी ऐकली नाहीत.

मग पुण्यात एक रॅप बॅटल झाली. ऋत्विक गेला. स्टेजवर चढला, "मले" म्हणाला, आणि सभागृह हसलं. विनोद अजून यायचा होता. समोरच्या पोराने पुढे काही केलंच नाही, ऋत्विकचं प्रत्येक वाक्य तोंड वेंगाडून परत म्हणून दाखवलं. मले, तुले, काऊन. एवढ्यावर तो जिंकला. परतीच्या बसमध्ये ऋत्विक रडला नाही. हसणारच असतील तर यापुढे आपल्या मर्जीने हसतील, एवढं त्याने ठरवलं. त्या दिवसापासून त्याच्यातलं काहीतरी निबर झालं.

त्यानंतर रामरावांना लकवा मारला. उजवा हात सुटला, तोंड एका अंगाला ओघळलं, आणि जीभ पार वळेनाशी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. सगळे मान खाली घालून बसलेले. रामरावांना ते सहन होईना. गावाला हसवल्याशिवाय त्यांना गाव ओळखू येत नसे. त्यांनी डावा हात वर केला, सगळा जीव गळ्यात आणला आणि आरोळी ठोकली. "हर बोला" म्हणायचं होतं. निघालं, "हय बोया."

कुणी उत्तर दिलं नाही. विमलबाईंनी, त्यांच्या बायकोने, पदर तोंडात धरला. ऋत्विकचा मोबाइल चालू होता. बाबा घरी आले याचा व्हिडिओ काढायचा म्हणून त्याने तो धरला होता.

दुसऱ्या आठवड्यात गोकुळने तो ऐकला. पुन्हा ऐकला. मग टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"बे रुतिक, हे तं तयार हुक हाय." हुक म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी, डोक्यात बसणारी ओळ.

"बाप हाय तो माया," ऋत्विक म्हणाला.

"मंग? तुया बापानं पंजाबरावचा पाय सोडला काय कधी? झडतीच तं हाय."

ऋत्विकला राग आला. खोटं कशाला सांगायचं, खरंच आला. पण रागाच्या खाली त्याला तो ठेकाही ऐकू येत होता, आणि कलावंताचं हेच वाईट, की त्याला दोन्ही एकदमच ऐकू येतात. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. बाबांचा आवाज वापरायचा नाही. आपणच तोंड वाकडं करून तसं म्हणायचं. यात आपण बापाची लाज राखली असं त्याला मनापासून वाटलं.

"बाप बोलते, गाव डोलते, एक गाल हालते, एक गाल झोपते," आणि मग लोंबत्या ओठाने ओढलेलं "हय बोया".

गाणं वणव्यासारखं पेटलं. आधी चिखलीतल्या पोरांनी त्याच्यावर रील केल्या, मग अकोल्याच्या, मग कुठकुठल्या. सगळे एक गाल पाडून, हात लुळा करून नाचायचे. लग्नाच्या वरातीत डीजेवाले ते लावायला लागले आणि नवरदेवाचा बाप नाचताना मुद्दाम ओठ लोंबवायला लागला. आणि ज्या पुण्याने ऋत्विकला हसून घालवलं होतं त्याच पुण्यातून एका गाण्यांच्या कंपनीचा फोन आला. अनुपमा नावाच्या बाई होत्या.

"तुझ्यात मातीचा वास आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं गाणं आपण करू. पण या वेळी तुझा आवाज नको. खरे बाबा हवेत. गावात, तुमच्या त्या पोळ्यात. जमेल ना?"

"जमन," ऋत्विक म्हणाला. बापाला त्याने विचारलंही नव्हतं. बापाला पहिल्या गाण्याचाच पत्ता नव्हता.

विमलबाईंनी तो लागू दिला नव्हता. रस्त्यावरून गाणं आलं की त्या दार लोटायच्या, नाहीतर पाट्यावर मिरची वाटायला घ्यायच्या. त्या दिवसांत त्या घरात ठेचा फार झाला. पण दार किती लोटणार? एका सकाळी प्रवासी भरायला आलेली जीप नेमकी अंगणासमोर थांबली आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. रामराव खाटेवर बसून ऐकत होते. जीप गेल्यावर त्यांनी पोराकडे पाहिलं.

"म... मी?" एवढंच त्यांनी विचारलं.

उत्तर ऋत्विकने आधीच घोकून ठेवलं होतं. "झडती हाय बाबा. तुमचीच शिकवन. आता सारा महाराष्ट्र म्हनून राह्यला."

रामरावांचा चांगला गाल हलला. ते हसत होते. ज्याच्यावर झडती पडली त्याने हसायचं, हा नियम त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाळून घेतला होता. आता आपली पाळी आल्यावर मोडायचा कसा? विमलबाई चुलीपुढून उठून आत निघून गेल्या.

"मंग..." रामराव एकेक शब्द ढकलत म्हणाले, "तोयन... कधी... तोडतं?"

पंचाईत झाली. गाण्याला तोरण नसतं. ते आज वाजतं, उद्या वाजतं, माणूस मेल्यावरही वाजतं. पण बाप खाटेवरून पाहत होता, आणि ऋत्विक बोलून गेला, "पोळ्याले. पोळ्याले तुमी मायावर झडती म्हना. सारं गाव आयकन. तुमची झाली का मी गानं काढून टाकतो."

"खयं?"

"तुमची आन."

रामरावांनी ते शब्द गाठीला बांधले. आता त्यांना एकच ध्यास लागला, पोळ्यापर्यंत जीभ सरळ करायची. चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितले होते, ते इतके दिवस धूळ खात पडले होते. आता ते पहाटे मळ्यात जायचे आणि वांग्यांच्या वाफ्यात उभे राहून सुरू व्हायचे. ओठाला गूळ लावून तो जिभेच्या शेंड्याने चाटायचा. गाल फुगवायचा. मग र. नुसता र. रान, रताळं, रामराव. विमलबाई बांधावर बसून ऐकायच्या आणि चुकलं की मान हलवायच्या. उन्हाळा सरता सरता र आला. मिरगानंतर ल आला. आषाढात रामराव दारावर आलेल्या व्यापाऱ्याशी भावावरून नीट भांडले, आणि विमलबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं.

ऋत्विकही पुरण जेवला. गोड लागलं नाही. पोरगा बाप बरा होतोय म्हणून मनातून खट्टू होतो, हे लिहायला जड जातं, पण होता तो खट्टू. दर आठवड्याला पुण्याहून फोन यायचा, "बाबांचा तो आवाज आहे ना अजून?" आणि तो म्हणायचा, "हाव, हाय ना." एकदा रामराव मळ्यातून येता येता मोकळ्या आवाजात त्याला म्हणाले, "रुतिक, आयकतं काय? र पाह्य माया." ऋत्विक म्हणाला, "झ्याक, बाबा." आणि मोबाइल घेऊन घराबाहेर गेला.

पोळ्याच्या दिवशी अनुपमाबाई दोन कॅमेरे आणि आवाजवाला घेऊन आल्या. मैदानात ही गर्दी. बैल आता गावात मोजकेच, त्यांच्या दुपटीने मोबाइल. रामरावांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी घातलेली. अनुपमाबाईंनी वाकून नमस्कार केला.

"कसे आहात काका?"

"मजेत, बाई. या, बसा. चहा घेतला का?" रामराव म्हणाले. एकही अक्षर अडखळलं नाही.

बाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी ऋत्विकला बाजूला घेतलं. "अरे, हे तर चांगले बोलतात."

"झाले बरे आत्ताच," तो पुटपुटला, जणू घरात काही चोरीची वस्तू सापडली होती.

"छानच आहे ते. पण आपल्याला हे नकोय ना. ते वाकडं नसेल तर गाणंच नाही, ऋत्विक. मला वर विचारावं लागेल."

तोवर इकडे झडत्या सुरू झाल्या होत्या. रामराव पुढे झाले. गाव शांत झालं. ऋत्विक स्वतः माईक घेऊन बापाच्या तोंडाजवळ उभा राहिला, कारण आवाजवाल्याला गर्दीत शिरता येईना. रामरावांनी आता हलू लागलेला उजवा हात वर केला. पहिली ओळ खणखणीत निघाली, मैदानाच्या टोकापर्यंत गेली.

"वाफा केला, रोप लावलं, पानी पाजलं वांग्याले..."

त्यांनी श्वास घेतला. एवढ्यात गर्दीच्या पुढच्या रांगेतून पंजाबराव, काठी टेकून उभे असलेले पंजाबराव, गाल पाडून ओरडले, "हय बोया."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं. आणि सगळं मैदान, म्हातारे, पोरंसोरं, रामरावांच्या मळ्यातली भाजी खाल्लेली माणसं, एका सुरात, एक गाल पाडून, "हय बोया, हय बोया" करू लागली. शिकवायची गरजच नव्हती, चाल प्रत्येकाच्या मोबाइलात होती. पंजाबराव सगळ्यांत मोठ्याने हसत होते. त्यांनी नियम मोडला असं कुणी म्हणू शकत नाही. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे.

रामराव थांबले नाहीत. त्या गदारोळात त्यांनी दुसरी ओळ म्हटली. ती गावात कुणालाच ऐकू आली नाही. माईकजवळ कान असलेल्या एकट्या ऋत्विकला आली.

"बापाची जीभ विकून पोरगं निंगालं पुन्याले."

अशी झडती आपल्याला जन्मात बांधता आली नसती, हे ऋत्विकला तिथल्या तिथे कळलं. आणि त्याच क्षणी बाजूने अनुपमाबाईंचा आवाज आला, "गर्दीचं मस्त आलंय. फक्त काकांचा एक तसा मिळाला तर काम झालं."

माणसाला कधीकधी दोनच वाटा असतात आणि दोन्ही अगदी स्वच्छ दिसतात. दिसलं नाही असं त्याला नंतर कधी म्हणता आलं नाही. तो बापाच्या कानाशी वाकला.

"बाबा, एकदा वाकडं म्हना."

रामरावांनी ऐकलं नसावं असं वाटून तो पुन्हा म्हणाला, "पहिल्यासारखं. एकच बार. मग नाही कधी म्हननार तुमाले."

विमलबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आल्या होत्या. त्यांना शब्द ऐकू गेले नव्हते, पण पोराचं तोंड दिसत होतं. "नका करू हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चला घरी."

रामरावांनी पोराकडे नीट पाहिलं. मग सहा महिने गूळ चाटून वर आणलेला ओठ त्यांनी आपल्या हाताने सोडल्यासारखा खाली सोडला. उजवा हात लुळा केला. डोळाही थोडा मिटला, तेवढं आजारपणातही झालं नव्हतं.

"हय बोया," ते म्हणाले.

मैदान फुटलं. शिट्ट्या, टोप्या, गुलाल. कॅमेरेवाला अंगठा दाखवत होता. "परफेक्ट, काका," अनुपमाबाई म्हणाल्या. तोरण तुटलं, बैल घराकडे उधळले, आणि त्यांच्या मागून विमलबाई नवऱ्याच्या दंडाला धरून चालत गेल्या.

पहिलं गाणं ऋत्विकने काढलं नाही. काढणार होता, पण कंपनी म्हणाली की दुसरं येईपर्यंत राहू दे, आणि दुसरं आल्यावर म्हणाली की आता दोन्ही एकमेकांना चालवतात. दुसरं तर पहिल्याच्या बापाचं निघालं. ऋत्विक पुण्याला राहायला गेला. स्टेजवर तो "मले" म्हणाला की आता टाळ्या पडायच्या. ज्या पोराने त्याला बॅटलमध्ये हरवलं होतं तो त्याच्या कार्यक्रमाआधी लोकांना तापवायचं काम करू लागला. जे मागितलं ते सगळं मिळालं, आणि मिळालेल्याचा त्याला आनंदही झाला. नाही कशाला म्हणा?

दिवाळीला तो घरी आला, नवी गाडी घेऊन. अंगणात रामराव कुणा व्यापाऱ्याशी मिरचीचा सौदा करत होते. आवाज पहिल्यासारखा धारदार. "तुमच्या बापजन्मात असा माल पाह्यला काय?" व्यापारी हसत होता. ऋत्विकही दाराशी उभा राहून हसला. त्याला फार बरं वाटलं. व्यापारी गेल्यावर तो खाटेवर बापाशेजारी बसला.

"बाबा, तब्येत कशी हाय?"

रामराव त्याच्याकडे वळले. त्यांचा ओठ खाली सुटला, उजवा हात मांडीवर लुळा पडला, डोळा अर्धा मिटला.

"हय बोया."

ऋत्विक मोठ्याने हसला. "काय बाबा तुमी."

जेवताना त्याने मळ्याचं विचारलं. "हय बोया." नवीन औषधाचं विचारलं. "हय बोया." सकाळी गाडीत बसून चिखलीला चक्कर मारू म्हणाला, तेव्हाही ओठ खाली, हात लुळा, तेच. आता त्याला हसू येईना. तो चुलीपाशी आईजवळ गेला.

"माय, बाबाले पुन्हा झटका आला काय?"

"काही नाही आला," विमलबाई भाकरी थापत म्हणाल्या. "मायाशी नीट बोलते. गावाशी नीट बोलते."

"मंग मायाशी काऊन नाही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "तुले जे पाह्यजे होतं तेच देऊन राह्यला तो. मले नको विचारू."

तो परत अंगणात आला. बापाच्या पायाशी उकिडवा बसला. "बाबा, चुकलं माया. मी काढतो ते गानं, दोन्ही काढतो, आत्ता काढतो, हे पाहा." त्याने मोबाइल काढून बापापुढे धरला. "एक बार नाव घ्या माया. रुतिक म्हना. शिव्या द्या पाह्यजे तं. पन नीट बोला ना."

रामरावांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. ओठ सावकाश खाली सोडला, आणि लाळेची एक तार टोपीखालच्या त्या ओळखीच्या चेहऱ्यावरून हनुवटीपर्यंत येऊ दिली.

"हय बोया," ते म्हणाले.

मग त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, ओठ जागेवर आणला आणि आत पाहून स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाले, "अवं, पाहुण्याले चहा टाक."